आगाऊ पैशांचं पुस्तक

अनुवादाचं पुस्तक निघायचं म्हटलं की प्रकाशक आधी कागद-पेन्सिल घेतो. मी पुस्तकं जुळवणारा माणूस, त्यामुळे ही आकडेमोड माझ्यासमोरच चालते. मूळ लेखकाचे हक्क, अनुवादकाचं मानधन, मुद्रितशोधन, कागद, छपाई, बांधणी हा सगळा खर्च पहिली प्रत खपायच्या आधीचा. मग वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन, वर परतीचा माल. त्यातून लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नसेल, तर आकडेमोड तिथेच थांबते.

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनसंस्थेने यावर तोडगा काढला. संस्थापक स्टेफान टोब्लर स्वतः अनुवादक. वाचकाने वर्गणी आगाऊ भरायची, पुस्तकं निघतील तशी घरी येतात. आर्ट्स कौन्सिलचं अनुदान असतं, पण माझा जीव अडकलाय तो वर्गणीदारांच्या यादीत. पुस्तकाच्या शेवटी त्यांची नावं छापलेली असतात, बारीक टाइपात, ओळीमागून ओळी. आपल्याकडे शेवटच्या फर्म्यात पानं उरली की तिथे जाहिराती जातात. प्रकाशनपूर्व सवलत आपल्यालाही नवी नाही. श्री. व्यं. केतकरांनी तर ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी कंपनी काढून भाग विकले. एका प्रकाशकाला मी ही यादीची कल्पना सुचवली. म्हणाला, ‘‘छापू की! कुणाच्या आडनावातली वेलांटी चुकली, तर फोन मात्र तुम्ही घ्यायचा.’’

‘अँड अदर स्टोरीज’च्याच ‘हार्ट लॅम्प’ला 2025चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कर्नाटकातल्या हासनच्या वकील बानू मुश्ताक यांच्या बारा कन्नड कथा, अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला हे पारितोषिक पहिल्यांदाच मिळत होतं. पन्नास हजार पौंड, लेखिकेला निम्मे आणि अनुवादिकेला निम्मे. ही वाटणी मला फार आवडते. कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत ज्यांच्यामुळे वाचले जातात, त्या उमा विरूपाक्ष कुलकर्णींचं नाव आपण घेतो, पण असा रोख हिशेब वेगळाच.

लंडनच्या ‘टिल्टेड ॲक्सिस’ या प्रकाशनसंस्थेची गोष्टही अशीच. ती 2015 साली डेबोरा स्मिथ या अनुवादिकेने काढली, मुख्यतः आशियातल्या भाषांसाठी. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही हिंदी कादंबरी इंग्रजीत याच संस्थेने आणली. त्या कादंबरीला 2022चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्याचा गाजावाजा झाला. मला मात्र या संस्थेचं खरं धाडस 2018च्या ‘द डेव्हिल्स डान्स’मध्ये दिसतं. उझबेक कादंबरी! लेखक हमीद इस्माइलोव्ह 1992 साली देश सोडून गेले, पुढे लंडनला बीबीसीत रमले. मायदेशी त्यांच्या पुस्तकांवर बंदी. कादंबरीचा नायक अब्दुल्ला कादिरी हा खरोखरीचा लेखक, स्टालिनच्या राजवटीने 1938 साली गोळ्या घालून मारलेला. कादंबरीत तो कोठडीत बसून आपली अर्धवट राहिलेली कादंबरी मनातल्या मनात जुळवत राहतो.

आता हे इंग्रजीत आणायचं कुणी? उझबेकमधून थेट इंग्रजीत साहित्य आणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेवटी डोनाल्ड रेफिल्ड पुढे आले. रशियन आणि जॉर्जियनचे निवृत्त प्राध्यापक, चेखवचे चरित्रकार. त्यांनी या कामासाठी उझबेक शिकून घेतली. कवितांना जॉन फार्नडन यांनी हात लावला. पुढच्याच वर्षी पुस्तकाला ‘ईबीआरडी’ या युरोपीय विकास बँकेचं साहित्य पारितोषिक मिळालं. पण निवृत्त प्राध्यापकाने एका पुस्तकापायी आख्खी भाषा शिकायची, हा खर्च कुठल्या खात्यात टाकतात, हे कुठल्याही मोठ्या प्रकाशनाच्या हिशेबनिसाला विचारून बघा.