गुरुजी का थकतात?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यातही वर्ग मोबाइलवरच्या पालक-गटांत भरू लागले. शाळा उघडल्या, गट मात्र राहिले. रात्री दहाला ‘उद्या सुट्टी आहे का?’ असे कुणी विचारते आणि बाई उत्तर देतात.

अशा कामातून येणाऱ्या थकव्याचे वर्णन न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये केले. मोफत दवाखान्यात झोकून देऊन राबणाऱ्यांत त्यांनी तो पाहिला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणे मांडली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी कडवटपणा, आणि हातून काही नीट होत नाही ही भावना. संघटनेच्या मते हा आजार नव्हे. कामावरच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम.

मग उपायही कामाच्या आखणीतच शोधायला हवा. पुढचा संदेश केव्हा येईल या धास्तीत रिकामा वेळही कामातच जातो. आम्हाला वाटते, पालकसभेतच ठरवावे : उत्तरे संध्याकाळी पाच ते सहा, तातडीचे असेल तर फोन, गटाची जबाबदारी दोघांकडे आळीपाळीने. सुरुवातीला कुरकुर होईल. पण एकदा रात्री उत्तर दिले, की पालक रोज रात्री वाट पाहू लागतात.