ध्यान, गाणे आणि मोर्चा

आपल्या वस्त्यांत एक वाद नेहमी ऐकू येतो. तरुण विचारतात, "डोळे मिटून बसल्याने नळाला पाणी येते काय?" वडीलधारे विचारतात, "नुसत्या घोषणांनी धम्म कळतो काय?" आणि गायनपार्टी म्हटली की दोघेही तिला करमणूक समजतात. अशी तीन तोंडे तीन दिशांना झाली की मंडळ मोडते, हे आम्ही कार्यकर्ते जवळून पाहतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच ते विचारतात : भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की समाजाचा सेवक? त्यांचा कौल सेवकाच्या बाजूने होता.

कलेचे ऋण तर आपण फेडूच शकत नाही. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांनी, अक्षरओळख नसलेल्या आयाबायांपर्यंत चळवळ नेली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या दुःखात १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. सगळ्यांचे दुःख गाणाऱ्याचे दुःख ऐकायला कोण असते? हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावा.

ध्यानाने न्याय मिळत नाही. त्यासाठी लढावेच लागते. पण आनापानात येणारा-जाणारा श्वास पाहताना राग उठला की तो कळतो. असा माणूस कचेरीत कोणी हिडीसफिडीस केली तरी तोल सोडत नाही आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर पंधरा मिनिटे आनापान व मैत्रीभावना करावी. मग महिला मंडळाने किंवा मुलांनी एक गीत म्हणावे. त्यानंतर वस्तीचा एकच प्रश्न घ्यावा : शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, तुंबलेले गटार. अर्ज तिथेच लिहावा, सह्या घ्याव्यात, कोण जाणार ते ठरवावे. पुढच्या पौर्णिमेला वर्गणीच्या जमाखर्चासारखा त्याचाही हिशेब सर्वांसमोर मांडावा. कोणी खचलेला दिसला तर दोघांनी त्याच्या घरी जावे.

याला मोठा निधी लागत नाही. एक सतरंजी, एक ढोलकी आणि एक वही पुरे. येत्या पौर्णिमेपासूनच आरंभ करू या.

जय भीम!