कामाच्या रात्री, समुद्राची रात्र

अंधेरी पूर्वेला मरोळ, चकाला, सीप्झच्या आसपास काम करणाऱ्या अनेकांच्या घरी चाकांची एक छोटी बॅग कायम भरलेली असते. सोमवारी पहाटेच्या विमानाने बेंगळुरू किंवा हैदराबाद, गुरुवारी रात्री उशिरा परत. मधल्या तीन रात्री हॉटेलात जातात आणि घरचं जेवण मोबाईलच्या पडद्यावर बघावं लागतं. हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र तपासताना हमखास एक प्रश्न येतो, ‘मेंबरशिप नंबर आहे का?’ दमलेला माणूस ‘नाही’ म्हणतो आणि चावी घेऊन खोलीकडे वळतो.

त्या एका ‘नाही’त घरच्यांची एखादी सुट्टी वाहून जाते. मोठ्या हॉटेल साखळ्यांचं सदस्यत्व फुकट असतं. खोलीचं बिल कंपनीने भरलं तरी पॉइंट सहसा राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात. (कंपनीचा याबाबत काही नियम असेल तर तो आधी बघून घ्यावा.) घरापासून दूर काढलेल्या या रात्री साठवून वर्षाअखेरी सगळ्यांना घेऊन समुद्रावर जाता येतं. उपनगरांतल्या नोकरदार कुटुंबांनी हे समजून घ्यायला हवं, कारण अशा रात्रींची किंमत घरातल्या प्रत्येकानेच मोजलेली असते.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या एका विमान कंपनीने 1981 मध्ये नियमित प्रवाशांसाठी मैल मोजायला सुरुवात केली. दोनच वर्षांत, 1983 मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलातल्या मुक्कामांसाठी तसंच केलं. आज मॅरियटची बॉनवॉय, हिल्टनची ऑनर्स, हयात, अ‍ॅकॉर, रॅडिसन अशा बऱ्याच योजना भारतात चालतात. ताज हॉटेलं टाटांच्या ‘न्यू’ योजनेत आहेत. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या या योजनेत एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, इतका सरळ हिशोब आहे.

बाकीच्या योजनांचा हिशोब इतका सरळ नसतो, तो कागदावर मांडावाच लागतो. बॉनवॉयमध्ये बहुतेक हॉटेलांत खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे 10 पॉइंट मिळतात. सहा हजारांच्या खोलीचे साधारण 70 डॉलर झाले, म्हणजे रात्रीला 700 पॉइंट. गोव्यातल्या एखाद्या मध्यम हॉटेलात एका रात्रीला 15,000 पॉइंट लागतात असं धरलं, तर त्यासाठी कामाच्या एकवीस-बावीस रात्री हव्यात. महिन्यातून दोन-तीन रात्री बाहेर राहणाऱ्याची वर्षभराची कमाई म्हणजे समुद्रकाठची एक रात्र आणि वर उरलेले थोडे पॉइंट. ‘फुकट सुट्टी’ अशी जाहिरात पाहून हुरळण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

मग येतं क्रेडिट कार्ड. ऑगस्ट 2023 मध्ये एचडीएफसी बँक आणि मॅरियट यांनी मिळून भारतातलं पहिलं हॉटेल-साखळीचं कार्ड आणलं. सुरुवातीच्या अटींनुसार वार्षिक शुल्क 3,000 रुपये आणि वर जीएसटी. बदल्यात 15,000 पॉइंटपर्यंतची एक मोफत रात्र. एवढं घेऊन थांबलं तर व्यवहार चांगला आहे. मात्र किराणा, विजेचं बिल अशा इतर खर्चावर 150 रुपयांमागे 2 पॉइंट मिळतात. त्या वाटेने 15,000 पॉइंट जमवायचे तर सव्वाअकरा लाख रुपये खर्च करावे लागतील! आणि बिल थकलंच, तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. पॉइंटसाठी एक रुपयाही जास्त खर्च करू नये, हे इथे ठामपणे सांगायला हवं. जो खर्च होणारच आहे, त्यातून जे हाती येईल ते घ्यावं.

पॉइंट वापरतानाही एक भागाकार करायचा असतो. खोलीचं करांसह भाडं भागिले लागणारे पॉइंट. खोली 9,000 रुपयांची असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 10,620 रुपये होतात. 15,000 पॉइंटमध्ये ती मिळाली तर एका पॉइंटचे जवळपास 71 पैसे वसूल झाले. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्केच आहे. त्यामुळे 6,000 ची खोली 6,300 ला पडते, आणि तेवढेच पॉइंट दिले तर पॉइंटला 42 पैसेच मिळतात. तिथे रोख पैसे भरावेत आणि पॉइंट महागड्या रात्रीसाठी राखावेत. मॅरियटने 2022 पासून पॉइंटांचे ठरलेले तक्ते काढून टाकले. गर्दीच्या दिवसांत रोख भाड्यासारखे पॉइंटही चढतात. नाताळच्या आठवड्यात तर गोव्यातली अनेक हॉटेलं 24 आणि 31 डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे माणशी वेगळे घेतात, खोली पॉइंटवर मिळालेली असली तरी. बॉनवॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट जातात, ही मात्र मोठ्या सुट्टीसाठी खरी सोय आहे.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी आणखी एक अडचण आहे. पॉइंटची खोली बहुधा दोन मोठ्यांसाठी असते, फार तर सोबत लहान मूल. आजी-आजोबा बरोबर असले की दुसरी खोली आलीच, म्हणजे पॉइंट दुप्पट. शिवाय आपल्या जवळच्या किनाऱ्यांवर या साखळ्यांची हॉटेलं मोजकीच आहेत. अलिबागजवळ रॅडिसन आहे. त्यानंतर पॉइंट चालतील अशा हॉटेलांची खरी गर्दी थेट गोव्यातच दिसते. दिवेआगर, हर्णे, गुहागर, तारकर्ली इथे बॉनवॉयचं नाव सांगून उपयोग नाही. बोरिवलीकर उत्तरेला राष्ट्रीय महामार्ग 48 धरून चारोटीवरून डहाणू-बोर्डीला जातात, तिथेही घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतली घरगुती राहण्याची सोयच उपयोगी पडते.

म्हणूनच गाडीने जाणं शहाणपणाचं. विमानाने गेलं की पॉइंटचं हॉटेल हेच सहलीचं सगळं जग होऊन बसतं. गाडी असली की ते वाटेवरचं शेवटचं ठिकाण होतं, आणि वाट कोकणातून जाते.

मुलुंडचं सहा जणांचं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आई-बाबा, दोन मुलं, आजी-आजोबा, सात आसनांची गाडी. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ आहे. त्यामुळे ऐरोलीचा पूल ओलांडताना आता पाकीट काढावं लागत नाही. घाटकोपरकर मानखुर्द जोडरस्त्याने वाशीला निघतात. अंधेरीकरांना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आहेच, किंवा शिवडीहून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू. त्याला कारमागे 250 रुपये एकेरी टोल पडतो. सगळे पनवेलजवळ पळस्प्याला गोव्याच्या महामार्गाला लागतात.

या महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय आणि गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने त्याचा त्रास सोसलाय. कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय मिळाल्यापासून त्या टप्प्यात बराच दिलासा आहे. गोव्याला एका दमात पोचायची घाई असलेले अनेकजण आजही पुणे-कोल्हापूरवरून आंबोली घाटाने उतरणं पसंत करतात. ज्यांना घाई नाही, त्यांनी वडखळला अलिबागकडे वळावं.

कारण तिथून सुरू होते खाड्यांची वाट. रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचलं की गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी, आणि पुढे दिवेआगर. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्रीचं मुख लागतं आणि रायगड जिल्हा मागे राहतो. दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला शास्त्री. चार खाड्या, चार बोटी. मुलं गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहतात, आजोबा खलाशाशी गावांची नावं ताडून बघतात. भूगोलाच्या पुस्तकातल्या पश्चिमवाहिनी नद्या इथे एकामागून एक भेटतात. वेळ जास्त लागतो हे खरं, आणि पावसाळ्यात निघण्याआधी बोट चालू आहे का ते विचारून घ्यावं. पण थंडीच्या दिवसांत मुलांना दाखवावी अशी यासारखी दुसरी वाट महाराष्ट्रात क्वचितच असेल.

मुक्कामाची मांडणीही या वाटेवरूनच ठरते. पहिल्या दोन रात्री दिवेआगरला, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरगुती खोल्यांत. तिथे मोठ्या खोलीत दोन गाद्या जास्त टाकल्या की सहाही जण एकत्र झोपू शकतात. ताटाचे पैसे रोख, आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. तिसरी रात्र गणपतीपुळ्याला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या किनाऱ्यालगतच्या निवासात. तिथून निवळीला महामार्ग गाठून कणकवली, कुडाळ, बांदा, पत्रादेवी ओलांडून गोवा. शेवटच्या दोन रात्री पॉइंटवर. एक खोली पॉइंटची, दुसरी रोख. पोहण्याचा तलाव, मऊ पलंग, सकाळी सावकाश उठणं, या सगळ्याची गरज सहाशे किलोमीटरच्या प्रवासानंतरच भासते. जे पैसे वाचले ते मधल्या गावांत खर्च होतात, आणि ते तिथेच जावेत, कारण त्या वाडीतल्या स्वयंपाकघरामागे कोणतीही साखळी उभी नसते.

तयारीचा क्रम मात्र उलटा ठेवावा. शाळेच्या सुट्टीचं वेळापत्रक हाती आलं की आधी गोव्यातली पॉइंटची खोली धरायची, कारण ती सगळ्यांत आधी संपते. आरक्षण रद्द करायची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. खात्यात 24 महिने काहीच हालचाल झाली नाही तर बॉनवॉयचे पॉइंट बाद होतात, तीही तारीख बघायची. नाश्ता धरलाय का आणि मुलांना त्याच खोलीत झोपता येईल का, हे हॉटेलकडून लिहून मागायचं. राष्ट्रीय महामार्गांवर वरचेवर फिरणाऱ्यांनी वार्षिक फास्टॅग पासचा विचार करावा. त्यात वर्षाला 200 फेऱ्या मिळतात. अटल सेतूवर मात्र तो चालत नाही.

मग उरतो दिवेआगरचा फोन. तो संध्याकाळी करावा, वाडीतली कामं आटोपल्यावर. पलीकडून काकू मेंबरशिप नंबर विचारत नाहीत. त्या विचारतात, ‘किती माणसं आहात? मासे खाता ना?’