थांबलं की चिकन मिळतं

संध्याकाळी सात वाजता वाडग्यात कोरडं खाद्य पडतं. कुत्रा येतो, नाक लावतो, एकदा मालकिणीच्या तोंडाकडे बघतो आणि दाराशी जाऊन पसरतो. पाच मिनिटांनी त्याच दाण्यांवर दोन चमचे दही येतं. तो उठतो, दही तेवढं चाटतो आणि पुन्हा पसरतो. साडेसातला चिकन उकडलेलं पाणी, पावणेआठला प्रत्यक्ष चिकन, आणि आठच्या आत वाडगा लख्ख. घरात याला ‘खाण्याचे नखरे’ म्हणतात. कुणी जातीला दोष देतं, कुणी खाद्याच्या कंपनीला. प्राणी कसे शिकतात याचा अभ्यास करणाऱ्याला मात्र या तासाभरात नखरा कुठेच दिसणार नाही. थांबायला काही मोजावं लागत नाही आणि जितकं थांबावं तितका मोबदला वाढतो, एवढा हिशेब त्या प्राण्याने अचूक मांडला. निरोगी कुत्रा खाण्याच्या बाबतीत नखरेल होतो तो वाडग्यात काय पडलं यापेक्षा ते कधी पडलं यामुळे, असं मानायला चांगला आधार आहे.

त्याआधी, तो मुळात कमी खातो का, हे तपासायला हवं. पशुवैद्यकात यासाठी एक सूत्र वापरतात: कुत्र्याच्या किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला साधारण त्याच्या १.६ पट लागतात. पाच किलोच्या पॉमेरेनियनसाठी हे उत्तर दिवसाला ३७५ कॅलरींच्या आसपास येतं. आता घरातला दिवस बघा. सकाळच्या चहाबरोबर आजोबांच्या हातची दोन ग्लुकोज बिस्किटं, दुपारच्या चहाला आणखी दोन. एका बिस्किटाच्या २५ धरल्या तरी शंभर झाल्या. दुपारी ताटाशेजारी बसून मिळवलेली तूप लावलेली अर्धी पोळी, साधारण ६०. म्हणजे दिवसाच्या गरजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त भाग वाडग्याला तोंड न लावताच भागला. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने संध्याकाळपर्यंत साडेआठशे कॅलरींचं येताजाता खाल्लं, तर रात्री तोही ताट पुढे सरकवेल. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. सहा-आठ महिन्यांनंतर वाढ मंदावते, तशी भूकही उतरते. नेमकं तेव्हाच घरात ‘मोठा होतोय आणि खाणं कमी झालं’ म्हणून काळजी सुरू होते आणि दह्याचं भांडं बाहेर येतं.

आपली तुलनाही बहुतेक वेळा चुकीच्या कुत्र्याशी असते. शेजारचा लॅब्रडॉर समोर येईल ते फस्त करतो, मग आपल्याच कुत्र्याला काय झालं, हा प्रश्न हमखास निघतो. केंब्रिज विद्यापीठातल्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की त्यांनी तपासलेल्या लॅब्रडॉरपैकी जवळपास एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा १४ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्याच्या कामात या जनुकाचा हात असतो. निरोपच नीट पोचत नसेल, तर वाडगा रिकामा होणं हे तब्येतीचं लक्षण कसं मानायचं? त्यापेक्षा कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवावीत. मूठ वळून तिच्या गाठींवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा बरगड्या लागल्या, तर तो रोड आहे. उघड्या पंजाच्या तळव्यासारखं मऊ लागलं, तर जाड. आणि पंजाच्या पाठीसारखं, म्हणजे हाडं जाणवतात पण टोचत नाहीत असं लागलं, तर तो पुरेसं खातोय, वाडग्यात काहीही उरो. थोडं सडपातळ असण्यात तोटा नाही, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर देण्यात आलं. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पोटभर खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३.

आता वेळेच्या मुद्द्याकडे. ज्या वागणुकीमागोमाग हवं ते मिळतं, ती वागणूक वाढते, हा शिकण्याचा सगळ्यात पक्का नियम. कुत्रा वाडग्यापासून दूर गेला आणि लगेच चिकन आलं, की बक्षीस मिळतं ते दूर जाण्याला. त्यातही आपण रोज सारखे वागत नाही. सोमवारी ठाम राहतो, मंगळवारी विरघळतो. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांचा मोठा संग्रह १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून आणि नंतरच्या कामातून जे ठसलं ते असं: दरवेळी बक्षीस मिळणारी सवय बक्षीस थांबल्यावर लवकर सुटते, कधी मिळतं कधी नाही अशी सवय मात्र चिवट होते. लॉटरीचं तिकीट घेणारा दहा वेळा हरूनही अकरावं तिकीट घेतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आठवड्यातून दोनदाच लाड करणाऱ्या घरातला कुत्रा रोज लाड होणाऱ्यापेक्षा जास्त हटून बसू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कुत्र्यालाही जीभ आहे, आवडनिवड आहे. रोज तेच कोरडे दाणे कोण खाईल? आक्षेप खरा आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर वेगवेगळं खाणं ठेवून पाहिलं, तेव्हा मांसाच्या वासाचं खाणं ती आधी उचलतात असं दिसलं; उकिरड्यावर जगणाऱ्यालाही पसंती असतेच. कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १७०० रुचिकलिका असतात, माणसाच्या साधारण नऊ हजार; त्यामुळे त्याची निवड मुख्यतः नाक करतं. फ्रिजमधून काढलेल्या गार चिकन-भाताला वास कमी, कारण थंडीत वासाचे रेणू फारसे उडत नाहीत. तेच अन्न कोमट केलं की दरवळतं. मग कोमट पाणी घाला, थोडं चिकनही मिसळा, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त ते वाडगा खाली ठेवण्याआधी घाला. आधी घातलं तर तो स्वयंपाक झाला. नकारानंतर घातलं तर ती वाटाघाट झाली, आणि त्या खेळात कुत्रा आपल्याला सहज हरवतो.

दुसरा आक्षेप जिव्हारी लागणारा असतो: मुक्या जीवाला उपाशी ठेवायचं? इथे सुचवलेली शिस्त अशी आहे. ठरल्या वेळी दिवसातून दोनदा वाडगा ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटांनी काही न बोलता उचलायचा, आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याखेरीज काही द्यायचं नाही. अन्न रोज दोनदा समोर येतं. याला उपासमार म्हणता येत नाही. कुत्र्याचा पूर्वज असलेल्या लांडग्याने एका बैठकीत नऊ किलोपर्यंत मांस खाल्ल्याच्या नोंदी आहेत, कारण पुढची शिकार कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्या वंशातल्या धडधाकट प्रौढाला एखादं जेवण चुकणं जड जात नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मात्र मालकाला जड जातात. बक्षीस थांबलं की जुनी वागणूक विझण्याआधी एकदा उसळते: तो भुंकेल, वाडगा पायाने सरकवेल, केविलवाणं बघेल. नेमक्या त्या घटकेला कुणी एक बिस्किट दिलं, तर केविलवाणं बघणं हीच पुढची चिवट सवय होते. उलट बाजूही विसरू नये. नकाराला भिऊन निव्वळ चिकनवर पोसलेल्या पिल्लाची हाडं धोक्यात येतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. आणि घरच्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. दयेपोटी ओतलेला रस्सा चुकलेल्या जेवणापेक्षा कितीतरी घातक.

ही सगळी मांडणी निरोगी कुत्र्यापुरती आहे, आणि तिची मर्यादा इथेच सांगायला हवी. महिनोन्महिने निवडून खाणारा, पण खेळकर आणि वजन टिकवून असलेला कुत्रा वेगळा. काल सगळं खाणारा आणि आज तोंड फिरवणारा वेगळा. गोचिडांमधून होणाऱ्या एर्लिकियासारख्या तापात भूक मरणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. वाडग्याकडे आशेने धावतो, घास उचलतो आणि खाली टाकतो, असं दिसलं तर आधी दात-हिरड्या बघाव्यात. एक पूर्ण दिवस अन्न नाही, किंवा सोबत उलट्या, जुलाब, सुस्ती असेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं. छोटी पिल्लं, अगदी चिमुकल्या जातींचे कुत्रे, म्हातारे आणि मधुमेही कुत्रे यांच्यावर वाडगा उचलण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. पिल्लांची साखर काही तासांत धोकादायक खाली येऊ शकते.

मग आजोबांच्या चहाचं काय? ती बैठक मोडायची काहीच गरज नाही. सकाळी दिवसभराचं खाद्य मोजून एका डब्यात काढावं. चहाच्या वेळचे चार दाणे त्याच डब्यातून, आजोबांच्याच हातून जावेत. उरलेलं दोन वेळा वाडग्यात. बिस्किट हवंच असेल, तर एक, आणि त्याच्या बदल्यात तेवढं खाद्य डब्यातून कमी. माया त्याच हाताने होते, फक्त ती नकाराचं बक्षीस म्हणून जात नाही आणि हिशेबाबाहेरही राहत नाही. रात्री डब्याच्या तळाशी मूठभर दाणे उरले, तर बरगड्यांवरून एकदा हात फिरवावा. पंजाच्या पाठीसारखं लागलं, तर त्या मुठीची त्याला गरज नव्हती. उद्या सकाळी डबा भरताना मूठभर कमी घालावं.