पंधरा अश्वशक्ती आणि दीड सेकंद

वळवाचा एक जोरदार पाऊस होऊन गेला की चाकणच्या पट्ट्यात बांधावरचे एखादे तरी जुने झाड आडवे होते. कुरुळीसारख्या गावात पुणे-नाशिक महामार्गालगत कारखान्यांचे पत्रे आणि त्यांच्या मागे शेतीचे उरलेले तुकडे अशी सरमिसळ आहे. पडलेल्या बाभळीचे किंवा कडुनिंबाचे ओंडके वखारवाला घ्यायला तयार असतो. त्याची अट एवढीच, की ओंडका रस्त्यापर्यंत आणून द्या. पूर्वी या कामाला दोन बैलजोड्या आणि साखळी लागे. आता दारात पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर असतो आणि हाकेच्या अंतरावर फॅब्रिकेशनचा गाळा. भंगारातून मिळालेला ड्रम, गिअरबॉक्स आणि पोलादी दोर घेऊन वेल्डर दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे विंच बसवून देतो. यंत्र चालते, ओंडका निघतो. त्या विंचने काय बदलले, हे मात्र कोणी मोजलेले नसते.

ते मोजणे अवघड नाही. दोन फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओला ओंडका साधारण साडेआठशे किलोचा भरतो. तो उघड्या जमिनीवरून फरफटत न्यायला वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लागतो. बुंध्याला किंवा दगडाला अडला तर कितीतरी अधिक. छोट्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनच आठशे किलोच्या आसपास असते. मातीत त्याची चाके स्वतःच्या वजनाच्या जेमतेम निम्मा जोर लावू शकतात, त्यापुढे ती जागेवर फिरतात. ट्रॅक्टर हरतो, पण हरताना सहसा कोणाला इजा करत नाही. चाक घसरणे हे एका अर्थी त्याचे संरक्षणच असते.

विंच नेमके हेच संरक्षण काढून घेते. पीटीओवर बारा अश्वशक्ती मिळाली तर ती सेकंदाला नऊशे किलो वजन एक मीटर उचलण्याइतकी होते. दोर सेकंदाला अर्धा मीटर या संथ वेगाने गुंडाळला, तर हिशेबाने ओढ अठराशे किलोची. घर्षणात थोडी गेली तरी ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुपटीजवळ उरते. गिअरने ताकद वाढते, वजन वाढत नाही. ड्रमवर दोराचे थर कमी असतील तेव्हा ओढ सर्वांत जास्त असते, म्हणजे ओंडका सर्वांत लांब असताना, कामाच्या सुरुवातीलाच.

आता दोर किती उंचीवरून निघतो ते पाहा. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या पुढे सुमारे अर्ध्या मीटरवर असतो, असे धरू. आठशे किलो गुणिले अर्धा मीटर, म्हणजे चारशे. ट्रॅक्टरचे पुढचे तोंड जमिनीवर ठेवणारी एवढीच शिल्लक. दोर जमिनीपासून एक मीटर उंचीवरून मागे ओढत असेल, तर चारशे किलोच्या ओढीलाच पुढची चाके उचलू लागतात. दोर ड्रॉबारच्या उंचीवर, चाळीस सेंटिमीटरवर आणला, तर हजार किलोपर्यंत ट्रॅक्टर टिकतो. पण विंचची ओढ अठराशे किलोची आहे! म्हणजे 'दोर खाली बांधा' हा नेहमीचा सल्ला बरोबर असला तरी विंचसाठी अपुरा आहे.

उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वी काढले आहे. तिथे जंगल शेतीचाच भाग असल्यामुळे ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजवर बसणारे विंच घरोघर असते. त्याच्या पाठीला रुंद पोलादी पाटा असतो. काम सुरू करण्यापूर्वी हायड्रॉलिकने तो खाली सोडून जमिनीत रुतवतात आणि दोर पाट्याच्या खालच्या भागातल्या कप्पीतून बाहेर काढतात. ओढ जितकी वाढते तितका पाटा जमिनीत घट्ट बसतो, आणि ट्रॅक्टर उलटायचाच झाला तर त्याला मागच्या चाकाऐवजी पाट्याच्या टोकावरून उलटावे लागते. पाटा चाकांच्या मागे ऐंशी सेंटिमीटर असेल, तर त्याच हिशेबाने ट्रॅक्टर सव्वीसशे किलोपर्यंत जागा सोडत नाही. कुरुळीच्या गाळ्यात असा पाटा बनवायला काही तासांचे वेल्डिंग पुरेसे आहे. तो न लावता ड्रम लिफ्टच्या हातांवर उंच बसवला, की पहिला हिशेब लागू होतो.

मागे उलटणाऱ्या ट्रॅक्टरला पूर्ण पालथा व्हायला साधारण दीड सेकंद लागतो आणि परतीचा मार्ग पाऊण सेकंदातच बंद होतो. डोळ्यांनी चाक उचललेले पाहणे, मेंदूने त्याचा अर्थ लावणे आणि पायाने क्लच दाबणे याला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. यात चालवणाऱ्याच्या कौशल्याचा प्रश्न येत नाही. शरीराची तारच तेवढ्या वेगाची आहे. स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये छाती दाबली गेली की बरगड्या शाबूत असल्या तरी फुप्फुस फुगू शकत नाही, आणि पुढची काही मिनिटे निर्णायक ठरतात. म्हणूनच स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या मागे मजबूत कमान सक्तीची केली. त्यानंतर तिथले उलटण्यातले मृत्यू हळूहळू जवळजवळ संपले. आपल्याकडचे बरेचसे छोटे ट्रॅक्टर अजून या कमानीशिवाय फिरतात. कमान असेल तर सीटबेल्ट लावायलाच हवा; कमान नसेल तर लावू नये, कारण मग उडी मारून सुटण्याची उरलीसुरली संधीही जाते. त्याहून सोपा उपाय म्हणजे विंच चालवताना सीटवर बसूच नये. चांगल्या विंचला लांब दोरी असते. बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून ती ओढली की ड्रम फिरतो, हातातून सुटली की थांबतो.

हा शेवटचा गुण बैलात उपजतच होता. ओझे झेपले नाही की बैल थांबतो, मान टाकतो, फार झाले तर बसतो. गडचिरोलीच्या जंगलात सागाचे ओंडके ओढण्यासाठी हत्ती वापरत. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्या काळाची आठवण आहे. हत्तीही ओंडका अडकला हे सोंडेला आणि खांद्याला लागणाऱ्या ओढीवरून ओळखतो. गिअरबॉक्सला अशी जाणीव नसते. ती कृत्रिमपणे द्यावी लागते आणि त्यासाठी पीटीओच्या शाफ्टवर एक साधा शिअर बोल्ट असतो. जोर मर्यादेबाहेर गेला की तो तुटतो, घरातल्या फ्यूजसारखा. पण तो वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी कडक हाय टेन्साइल बोल्ट ठोकायचा मोह अनेकांना होतो. औद्योगिक पट्ट्यात असा बोल्ट कोणत्याही दुकानात मिळतो. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याचाच हा प्रकार.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची जाडी सात सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात बावीस सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते आणि एका सेकंदात दोन मीटर. खांद्यावरचा टॉवेल, ओढणी, सदऱ्याची सुटी बाही यांना याहून जास्त वेळ लागत नाही. कापडामागून हात जातो. अशा अपघातात कातडी हातमोज्यासारखी सोलून निघते, कधी हात खांद्यापासून उपटला जातो. मळणी यंत्रांनी हात जाण्याचे प्रमाण वाढल्यावर देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. गावात जुळवलेल्या विंचचा शाफ्ट मात्र सहसा उघडाच असतो. शाफ्टभोवती बसणारे प्लास्टिकचे कव्हर विंचच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

दोराबद्दल दोन गोष्टी. दहा मिलिमीटरचा नवा पोलादी दोर साडेपाच-सहा टनांना तुटतो, पण गाठ मारलेला, मोडलेला, गंजलेला दोर बऱ्याच आधी तुटतो. ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा तुटताना एका झटक्यात बाहेर पडते आणि त्याचे टोक डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने परत येते. त्यामुळे ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये. दोर कप्पीवरून वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला तर मुळीच नाही. कप्पी सुटली तर दोर आतल्या बाजूलाच झेपावतो. दुसरी गोष्ट हाताची. ड्रमवर दोर नीट बसत नाही म्हणून चालू यंत्रात हाताने ढकलला जातो आणि बोटे दोर आणि ड्रम यांच्यामध्ये सापडतात. दोर बाजूला सरकत असेल तर ओढण्याचा कोन चुकला आहे. ट्रॅक्टर सरळ करून लावावा. तिरक्या ओढीने अरुंद चाकांचा छोटा ट्रॅक्टर आडवाही पडतो.

जाता जाता, स्वतःच्या शेतातलेही आंबा, चिंच, जांभूळ, साग यांसारखे झाड तोडायला महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. त्यासाठी अर्ज आधी करावा, विंच नंतर जोडावा.

एवढे करूनही अपघात झाला तर पहिले काम इंजिन बंद करण्याचे, माणसाला ओढण्याचे नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून पूर्ण जोराने दाबून धरावी. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नये. जखम धुताना ते सगळे पुन्हा खरवडून काढावे लागते. दाबूनही हाता-पायाचे रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर तीन बोटे रुंद पट्टी काठी घालून पिळून घट्ट बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी नको, ती कातडी आणि नसा कापते. दर पंधरा मिनिटांनी पट्टी सैल करावी, हा जुना सल्ला आता दिला जात नाही. सैल केली की थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते.

तुटलेले बोट धुळीत पडले असेल तर स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गोठून निकामी होतात. बोटात स्नायू जवळजवळ नसतात, त्यामुळे थंड ठेवलेले बोट बरेच तास तग धरते. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला एवढी सवड नसते, तिथे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. चाकणच्या वाहतूक कोंडीत एक तास गेला, तर तो याच सहातून जातो. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून जोडण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे हे विचारावे.

ओंडक्याखाली किंवा ट्रॅक्टरखाली मांडी अडकली असेल तर धोका निराळा असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून काही तासांनी सुखरूप काढलेली माणसे पुढे मूत्रपिंडे बंद पडून दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. दबलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन दाब सुटताच रक्तात उतरते. पहिले हृदय थांबवू शकते, दुसरे मूत्रपिंडे बंद पाडते. छाती, मान किंवा पोट दबले असेल तर एक क्षणही न थांबता वजन उचलावे. पाय नुकताच अडकला असेल तरी लगेच सोडवावा. पण तास-दोन तास उलटून गेले असतील आणि माणूस नीट श्वास घेत असेल, तर आधी १०८ ला बोलवावे. २०१४ पासून चालू असलेल्या या सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि ओंडका उचलण्यापूर्वी सलाइन सुरू करता येते. फोनवर पत्ता सांगून झाला की लगेच सांगावे, पाय किती वाजल्यापासून अडकला आहे.