‘पोलिसी खाक्या’ दाखवला, कबुली मिळाली, पुढे?

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत इतकं मुरलं आहे की वाचणारा तिथेच निकाल देऊन मोकळा होतो. कबूल केलंय ना, मग खटला कशाला?

खटला अशासाठी, की ती कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालं. समोर हवालदार असो की आयुक्त, मारहाण झालेली असो वा नसो. आणि हे स्वतंत्र भारताने पुरवलेले आरोपींचे लाडही नव्हेत. तरतूद इंग्रजांची, १८६१ पासूनची. आपले पोलीस कबुली कशी काढतात, हे त्या सरकारला पक्कं ठाऊक होतं.

दंडुक्याऐवजी थाप मारली तर? ‘साथीदाराने सगळं ओकलंय’, ‘बोल, आपल्या दोघांतच राहील’ वगैरे. फसवलं म्हणून कबुली आपोआप बाद होते, हा उलट बाजूचा गैरसमज. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २२ नुसार धमकी, जबरदस्ती किंवा आमिषातून आलेली कबुली बाद ठरते. पण एरवी ग्राह्य असलेली कबुली केवळ फसवून मिळवली म्हणून बाद होत नाही. पोलिसांपुढची कबुली मुळातच ग्राह्य नसल्याने या थापेचा त्यांना फायदा एकच: वस्तू सापडणं. ‘ज्या चाकूने भोसकलं तो छपरात लपवलाय’ असं कोठडीतल्या आरोपीने सांगितलं आणि चाकू तिथे मिळाला, तर छपराची माहिती पुराव्यात येते, भोसकल्याची येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखून दिली. म्हणूनच न्यायालयात, वस्तू सापडल्याचे साक्षीदार असलेल्या पंचांची उलटतपासणी एवढी कसून होते.

अपवाद आहे, आणि तो महाराष्ट्राचाच. १९९९ च्या मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात पोलीस अधीक्षक वा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते. पण तीही तपासली जातेच. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १२ जणांना निर्दोष ठरवताना अशा कबुलीजबाबांवर विश्वास ठेवला नाही. त्यांतले काही मजकूर एकसारखे होते. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘गप्प बसला म्हणजे दोषी.’ नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) चं संरक्षण पोलीस चौकशीतही मिळतं (नंदिनी सत्पथी खटला, १९७८).

‘मग बोटांचे ठसेही नाकारता येतात.’ नाही (काठी कालू ओघड, १९६१).

‘नार्को केली की सत्य बाहेर.’ संमतीशिवाय ती करताच येत नाही (सेल्वी, २०१०).

‘चौकशीत वकील भेटत नाही.’ भेटतो, मात्र पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही.

‘हक्क वाचून दाखवले नाहीत की आरोपी सुटला.’ हे अमेरिकी सिनेमातलं. आपल्याकडे अटकेची कारणं सांगावी लागतात.

कबुली द्यायचीच असेल, तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर. ‘हे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, बोलण्याची सक्ती नाही’ असं ते आधी बजावतात. आरोपीने ऐनवेळी नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. तेव्हा ‘कबुली दिली’ अशी बातमी दिसली की दोनच गोष्टी विचाराव्यात: कोणासमोर दिली आणि त्यातून सापडलं काय? उत्तर बातमीत नसेल, तर तो अजून फक्त पोलिसांचा दावा आहे.