खेळयंत्रातील शॉर्ट आणि त्याचा शोध

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावी व्हिडिओ गेमचे यंत्र खोक्यातून कोरे करकरीत असे क्वचितच येते. पुण्याच्या मावसभावाचे वापरून झालेले, अमेरिकेतील काकांनी सुट्टीला येताना बॅगेतून आणलेले, नाहीतर बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर जुन्यात घेतलेले, असा त्याचा प्रवास असतो. घरी आल्यावर त्यात काहीतरी बदलणे भागच पडते. कधी टीव्हीची जोडणी जुळत नाही, कधी विजेचा दाब जुळत नाही, कधी पंखा बंद पडलेला असतो. घरातला चौकस मुलगा स्क्रू काढतो, सोल्डरिंग गन तापवतो, दोन तारा जोडतो आणि मोठ्या आशेने बटण दाबतो. दिवा क्षणभर लुकलुकतो व विझतो. घरातील वडीलधारी मंडळी एका शब्दात निकाल देतात, 'शॉर्ट झाले.' मुलाची वर्षभराची साठवण त्या एका शब्दात बुडाल्यासारखी वाटते.

वस्तुतः हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. फ्यूज गेला तरी शॉर्ट, तार तुटली तरी शॉर्ट! तार तुटणे म्हणजे वाट बंद होणे. शॉर्ट म्हणजे नको तेथे आडवाट निघणे. विजेला एखाद्या भागातून काम करीत जायचे असते. तिला त्याआधीच जमिनीच्या जोडणीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, बिनअडथळ्याचा रस्ता सापडला की सारा प्रवाह तिकडे धावतो. यंत्राचा पॉवर सप्लाय हा अनावर प्रवाह ओळखून स्वतःला बंद करून घेतो. क्षणभर लागून विझणारा दिवा बहुधा हेच सांगत असतो. ही एका अर्थाने चांगलीच खूण होय, कारण रक्षण करणारी यंत्रणा अद्याप शाबूत आहे.

परदेशी यंत्रांची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. निन्टेन्डो कंपनीच्या 'वी' या यंत्राचा अमेरिकी ॲडॉप्टर १२० व्होल्टसाठीच बनविलेला असे. तो केवळ पिनेचा आकार बदलून आपल्या भिंतीत खुपसला तर त्याचे आयुष्य तेथेच संपते. अशा वेळी मूळ यंत्र अनेकदा वाचलेले असते आणि १२ व्होल्ट, ३.७ ॲम्पिअरचा योग्य ॲडॉप्टर मिळाला की ते चालू लागते. म्हणून पहिली तपासणी चष्मा लावून करावयाची असते: ॲडॉप्टरच्या पाठीवरील बारीक अक्षरांत '१००-२४०' असे आहे की नुसते '१२०'.

१९९० च्या दशकात आपल्याकडील घराघरांत शिरलेले समुराई, मीडिया, लिटल मास्टर हे टीव्ही गेम ज्या जपानी यंत्राच्या धर्तीवर बनले, ते निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आले. त्याचे चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने जाई. आजच्या टीव्हीवर ते धड दिसत नाही, म्हणून हौशी मंडळी आतून वेगळी तार काढून चित्र आणि आवाज थेट नेतात. बदल छोटा, पण त्यातील चुका ठरलेल्या. तारेचा एखादा केसासारखा धागा शेजारच्या पायाला टेकतो, सोल्डरचा थेंब दोन टिपक्यांवर पसरतो, किंवा आतला लोखंडी पत्रा पुन्हा बसवताना उघड्या जोडणीवर दाबला जातो. त्यात ॲडॉप्टरचा घोळ. मूळ फॅमिकॉमच्या ॲडॉप्टरमध्ये पिनेचा मधला भाग ऋण असतो. बाजारातील पुष्कळ ॲडॉप्टरमध्ये तो धन असतो. पिन बसते म्हणून ॲडॉप्टर चालतो असे नव्हे. उलटा ॲडॉप्टर लागला की ५ व्होल्ट पुरविणारा '७८०५' हा तीन पायांचा भाग आणि त्याजवळचे कपॅसिटर धोक्यात येतात.

दुरुस्तीसाठी केलेला बदलच शॉर्टचे कारण ठरल्याचे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' चे. सप्टेंबर २००६ मध्ये ते भारतात आले. बटणाभोवती तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडण्याचा त्याचा दोष इतका पसरला, की जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. उष्णतेने चिप व पाटी यांमधील डाख तडकत, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. हमी संपलेल्या यंत्रांवर लोकांनी घरगुती उपाय शोधला: चिप दाबून धरणारी मूळची पकड काढायची आणि त्या जागी नट-बोल्ट घट्ट आवळायचे. मात्र बोल्टच्या भोकांभोवती बारीक भागांची दाटी असते. धातूचा वॉशर जरा मोठा असला की तो त्यांच्यावर टेके, आणि तीन दिव्यांचा रोगी अजिबात न उठणारा होई. नायलॉनचा वॉशर घातला असता तर इतकेच काम राहिले असते. (चार लाल दिवे लागले तर घाबरू नये, ती केवळ टीव्हीची केबल नीट न बसल्याची तक्रार असते.)

शोधाची रीत संयमाची आहे. प्रथम पिन भिंतीतून काढावी आणि आपण शेवटचे जे केले ते तपासावे. शॉर्ट बहुतेकदा तेथेच असतो. भिंगाने डाख पाहावेत, जुन्या दातांच्या ब्रशने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्सचा चिकटा धुवावा. सराफी कामाशी परिचय असलेल्या घरांत डाख कसा ओळखावा हे सांगायला नको: नितळ पसरलेला तो बरा, गोळा होऊन बसलेला तो संशयास्पद. नव्या यंत्रांत शिसेविरहित सोल्डर असते. शिसेयुक्त सोल्डर सुमारे १८३ अंशांना वितळते, तर हे सुमारे २१७ अंशांना. कमी तापलेल्या गनने ते ओढाताणीने काढले की पाटीवरील तांब्याची रेघच उखडते.

त्यानंतर मल्टिमीटर. वीज नसताना त्याचे एक टोक ग्राउंडवर व दुसरे प्रत्येक पुरवठ्याच्या रेषेवर ठेवावे. शून्याजवळ आकडा आला तर शंका घ्यावी, पण निकाल देऊ नये. आधुनिक यंत्रांतील मुख्य प्रोसेसरच्या रेषेवर अवघा एक-दोन ओहम अडथळा हा निरोगीपणाही असू शकतो, आणि या गैरसमजापोटी चांगल्या पाट्या मोडीत निघतात. खरा शॉर्ट असल्यास, गुन्हेगार बहुधा तिळाएवढा सिरॅमिक कपॅसिटर असतो. तो तडकून आतल्या आत जुळतो. वरून काहीच दिसत नाही. त्याला पकडण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. प्रवाहावर मर्यादा घालता येणाऱ्या सप्लायने त्या रेषेला १ व्होल्टच्या आतबाहेर दाब द्यावा, तोही रेषेच्या मूळ दाबाहून कमीच, आणि पाटीवर अल्कोहोलचा पातळ हात फिरवावा. जेथे ते सर्वांआधी वाळते, तेथे दोष.

ॲडॉप्टर किंवा पॉवर सप्लाय उघडण्याचे काम मात्र मुलांचे नव्हे. २३० व्होल्टची वीज आत सरळ करून घेतली की तेथील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. एका स्पर्शात जीव जाण्यास ते पुरेसे आहेत. गावोगावचे जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर अशा वेळी 'सिरीज बल्ब' वापरतात, आणि त्यांच्या या साध्या साधनाला अजून तोड नाही. पिवळा दिवा यंत्राच्या वाटेत ओळीने जोडलेला असतो. दिवा लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. क्षणभर उजळून मंदावला तर पुरवठ्याची बाजू ठीक. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही.

शॉर्ट नेहमी माणसाच्याच हातून होतो असेही नाही. बदल करताना पाडलेले भोक उघडे राहिले की उबेच्या ओढीने पाल आत शिरते, मुंग्या घर करतात. त्यात पालही जाते आणि पाटीही. बारीक जाळीचा एक तुकडा तेथे चिकटवला तर दोन्ही वाचतात.

बदल कोणता करावा यालाही कायद्याची मर्यादा आहे. पंखा, केबल, पॉवर सप्लाय बदलणे निराळे आणि नकली खेळ चालविण्यासाठी कुलूप तोडणारी चिप बसविणे निराळे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेल्या ६५-अ कलमान्वये, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शोध घेऊनही दोष खुद्द प्रोसेसरच्या आत निघाला, तर तेथे थांबणेच शहाणपणाचे, कारण ती चिप उतरवून पुन्हा बसविण्याचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीहून अधिक होतो. अशी पाटी ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्यावी. पंखा, रिमोट, केबल आणि चालू स्थितीतील ॲडॉप्टर मात्र काढून ठेवावेत. गावातील पुढच्या मुलाच्या बंद पडलेल्या यंत्राला नेमके त्यांतलेच काहीतरी हवे असते.